पहिल्या वर्षाचे इंग्रजी कोणाच्या हाती द्यावे?

अध्यक्ष महोदय, उपस्थित प्राचार्य, विभागप्रमुख आणि मित्रहो,

अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक-निवडीचा विषय निघाला की चर्चा संगणक विभागाच्या रिक्त जागांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पहिल्या वर्षाला इंग्रजी कोण शिकवणार, हे वेळापत्रक लागल्यावर कोणाला तरी आठवते आणि मग तासिका तत्त्वावर जो मिळेल त्याला वर्गावर धाडले जाते. आज मी या दुर्लक्षित जागेविषयीच बोलणार आहे. ती भरताना उमेदवार किती सफाईने बोलतो यापेक्षा तो विद्यार्थ्याने लिहिलेले पान कसे वाचतो, हे पाहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी वर्गात कोण बसलेले असते ते पाहू. नागपूरच्या महाविद्यालयांत शहरातल्या मुलांबरोबर गडचिरोली, गोंदिया, वणी, हिंगणघाट इथून आलेली मुले असतात. त्यांतली बरीच सेमी-इंग्रजीतून आलेली, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सारे मराठीत. त्यांना संज्ञा इंग्रजीत येतात, सूत्रे इंग्रजीत येतात. जे येत नाही ते म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट चार वाक्यांत मांडणे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे त्यांनी सीईटी आणि जेईईच्या तयारीत पर्यायांवर खुणा करण्यात घालवलेली असतात आणि बोर्डाच्या पेपरातला निबंध गाईडमधून उतरवलेला असतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने मोजतात. निरीक्षणाखाली मुलगा लिहितो, ‘द कलर वॉज चेंज.’ एक शिक्षक लाल पेनाने ‘चेंज’ला गोल करतो, वर ‘चेंज्ड’ लिहितो, खाली सही ठोकतो आणि पुढची वही ओढतो. वाक्य सुधारले, पण ते आधी जितके निरुपयोगी होते तितकेच अजूनही आहे. दुसरा शिक्षक समासात प्रश्न लिहितो : कोणत्या रंगाचा कोणता रंग झाला? ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या नळीत, तेव्हा वाचन किती होते? पाणी नळाचे होते की विहिरीचे? मुलगा परत लिहितो तेव्हा मद्यासारखा लाल रंग जाऊन निळा आला, हे वाक्यात येते, मिलिलिटरचा आकडा येतो, आणि गंमत म्हणजे क्रियापदही पुष्कळदा आपोआप जागेवर येते, कारण आता त्याला सांगायचे काय आहे ते ठाऊक असते. पहिल्या वर्षाला मला हा दुसरा शिक्षक हवा आहे.

तो आपल्या निवडपद्धतीतून सापडतो का? सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा नेहमीचा दरवाजा आहे. या परीक्षेत दोन पेपर मिळून १५० प्रश्न आणि ३०० गुण असतात, आणि सगळे प्रश्न बहुपर्यायी. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत : नाटक, काव्य, कथा-कादंबरी, समीक्षा, सिद्धान्त वगैरे; भाषा आणि तिचे अध्यापन यांच्या वाट्याला त्यांतला एक घटक येतो. म्हणजे ज्याने आयुष्यभर लेखन शिकवायचे, त्याला या परीक्षेत एक परिच्छेदही लिहावा लागत नाही आणि दुसऱ्याचा परिच्छेद तपासावाही लागत नाही. पुढे मुलाखतीला तो येतो, तज्ज्ञांसमोर एखाद्या कवितेवर दहा मिनिटांचे डेमो लेक्चर देतो, आणि त्यावर निवड होते.

साहित्याचा माणूस नकोच, असे मात्र मी म्हणत नाही. कवितेतल्या एका शब्दापाशी थांबायची सवय ज्याला आहे, तो मुलाच्या कच्च्या वाक्यापाशीही थांबू शकतो. मला अधिक भीती वाटते ती प्लेसमेंटच्या धास्तीने इंग्रजीच्या तासाला कोट-टाय घालून आणलेल्या व्यक्तिमत्त्व विकासवाल्यांची. हस्तांदोलन कसे करावे हे शिकवण्यात सहामाही संपते आणि मुलाची वही कोरीच राहते.

नियम आड येतात, असे सांगितले जाते. तसे ते येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत शैक्षणिक गुणांकन हे उमेदवारांची मुलाखतीसाठी निवड करण्यापुरते आहे. अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवरच व्हायची आहे. मग त्या मुलाखतीत काय विचारायचे, हे समितीच्या हाती उरते. माझी सूचना अशी आहे की डेमो लेक्चरच्या आधी उमेदवाराला मागल्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांची, नावे झाकलेली, पाने द्यावीत आणि अर्ध्या तासात तपासायला सांगावीत. तो पहिली रेघ कुठे ओढतो ते पाहावे. शेरा मुलाला कळेल अशा भाषेत आहे का? मराठीच्या वळणाने झालेली चूक तो ओळखतो का, की नुसतीच खोडतो? समितीवर इंग्रजीच्या तज्ज्ञांबरोबर स्थापत्य किंवा यंत्र विभागाचा एक प्राध्यापक बसवावा, कारण या मुलांचे अहवाल पुढची तीन वर्षे त्यालाच वाचायचे असतात.

परदेशात याची उत्तरे निरनिराळी आहेत. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठात पहिल्या वर्षाचे दोन इंग्रजी अभ्यासक्रम बऱ्याच अंशी नुकतीच पीएच.डी. झालेले, ठरावीक मुदतीसाठी मॅरियन ब्रिटन यांच्या नावाच्या फेलोशिपवर नेमलेले प्राध्यापक शिकवतात. प्रत्येक जण आपल्या तुकडीसाठी विषयसूत्र स्वतः ठरवतो, आणि नोंदणी करताना विद्यार्थी तुकडी निवडतो, म्हणजे एका अर्थी प्राध्यापकही निवडतो. अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाने २००१मध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपासून लेखन आणि वक्तृत्वावर भर देणारे चार अभ्यासक्रम सक्तीचे केले. त्यांतले दोन मानव्यविद्यांचे आणि दोन विद्यार्थ्याच्या मुख्य विषयातले. मला ही दुसरी मांडणी अधिक पटते, कारण तिच्यात लेखनाची जबाबदारी एकट्या इंग्रजीच्या शिक्षकावर टाकून बाकीचे विभाग मोकळे होत नाहीत. आपल्याकडे तुकडी ‘अ’ की ‘क’ हे प्रवेशाची यादीच ठरवते. तरीही मुले वरच्या वर्गातल्यांना विचारतातच की कोणते सर चांगले, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘मार्क देणारे’ असे येते. ‘लिहिलेले परत कोण देतात,’ असे त्यांनी विचारावे, ही अपेक्षा मात्र आपण निवड नीट केल्यावरच ठेवू शकतो.

शेवटी कामाच्या भाराबद्दल बोललेच पाहिजे, कारण सगळे इथे अडते. साठ मुलांची एक तुकडी आणि एका पानाला दहा मिनिटे धरली, तर एक फेरी तपासायला दहा तास लागतात. एका शिक्षकाकडे अशा चार तुकड्या असल्या की चाळीस तास झाले. आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आठवड्याचे सोळा तास हे प्रत्यक्ष अध्यापनाचे आहेत. हे चाळीस तास त्यावरचे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर पैसे वर्गातल्या तासाचे मिळतात, वह्यांचे मिळतच नाहीत, मग त्याने गोल करून सही ठोकली तर त्याला बोल कोणत्या तोंडाने लावायचा? म्हणून व्यवस्थापनाने पूर्णवेळ पद मंजूर करावे, एका शिक्षकाकडे दोनच तुकड्या द्याव्यात, तपासणीचे तास कार्यभारात धरावेत, आणि जाहिरात जूनऐवजी जानेवारीत काढावी, म्हणजे पाने तपासून घेण्याइतका वेळ निवड समितीला मिळेल.