रांग कुठे अडते

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर बोलतोय, म्हणून सुरुवातही एका रेडिओपासूनच करतो. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या एका मुलाला सहाव्या वर्षी चित्रकथेच्या पुस्तकात क्रिस्टल रेडिओ बनवायची कृती सापडली. वडिलांच्या दाढीचं वापरलेलं पातं, पेन्सिलीतलं शिसं, टॉयलेट पेपरची रिकामी नळी आणि थोडी तार. एवढं घरात होतं. कानाला लावायचा इअरफोन तेवढा नव्हता. तो त्याने सार्वजनिक टेलिफोनमधून काढून आणला. चोरीच म्हणायची, पण बॅटरी नाही, वीज नाही आणि तरी कानात गाणं! हा मुलगा म्हणजे लिओनार्ड क्लाइनरॉक, इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पुढे मोठेपणी हा किस्सा ते स्वतःच सांगत आले.

घरची ओढाताण होती. त्यामुळे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज असं करत १९५७ साली ते इंजिनिअर झाले आणि एमआयटीत गेले. तिथे जो तो क्लॉड शॅनन यांच्या माहिती सिद्धांतामागे, म्हणजे माहिती मोजायच्या आणि पाठवायच्या गणितामागे लागलेला. क्लाइनरॉकना वाटलं, त्यातले मोठे प्रश्न शॅननसाहेबांनीच सोडवलेत. उरलेत ते अवघड आहेत आणि त्यांच्यातून फारसं काही हाती लागणारही नाही. आजूबाजूला मात्र संगणक वाढत होते. ते एकमेकांशी बोलणार कसे? १९६१ साली त्यांनी पीएचडीसाठी हाच विषय मांडला.

आणि तो विषय म्हणजे, साध्या मराठीत सांगायचं तर, रांग.

रांगेचं गणित तेव्हा नवं नव्हतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग यांनी १९०९ सालीच फोन कधी येतील याला संभाव्यतेचा हिशोब लावला होता. तो हिशोब मोठा चमत्कारिक आहे, म्हणून जरा थांबून पाहू. एक खिडकी आहे. लोक मनाला येईल तेव्हा येतात. कुणाचं काम चुटकीसरशी होतं, कुणी रेंगाळतो, पण सरासरी एक मिनिट. खिडकी निम्मा वेळ रिकामी असेल, तरी माणसाचे सरासरी दोन मिनिटं जातात: एक कामाचं, एक थांबण्याचं. खिडकी ८० टक्के वेळ कामात असली, की ५ मिनिटं. ९० टक्के, १० मिनिटं. ९५ टक्के, २०. आणि ९९ टक्के झाली, की १०० मिनिटं! खिडकीवरचा माणूस तोच, त्याचा हातही तेवढाच भरभर चालतोय. लोक घड्याळ लावून ठरावीक अंतराने आले असते आणि प्रत्येकाला बरोबर मिनिटच लागलं असतं, तर कुणालाच थांबावं लागलं नसतं. रांग लावतो तो अनियमितपणा.

ही झाली एक खिडकी. संगणकांच्या जाळ्यात संदेश एका नाक्यावरून, म्हणजे वाटेतल्या एका संगणकावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या नाक्यावर जातो. लांबलचक संदेश प्रत्येक नाक्यावर लांबच असतो. चढणीला मालट्रकमागे मोटारी साचाव्यात, तसे त्याच्यामागे छोटे संदेश साचतात. एका नाक्यावरची गर्दी दुसऱ्यावरच्या गर्दीत गुंतते आणि सगळं गणित हाताबाहेर जातं.

इथे क्लाइनरॉकनी जे केलं, ते मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत धाडसाचं वाटतं. ते म्हणाले, प्रत्येक नाक्यावर संदेशाची लांबी विसरून जाऊ आणि चिठ्ठी काढून त्याला नवी लांबी देऊ. हे उघड उघड खोटं आहे. संदेश वाटेत आखूड किंवा लांब होत नाही. पण हे खोटं मानलं, की प्रत्येक नाका सुटा होतो आणि एर्लांगच्या जातीचं गणित पुन्हा चालू लागतं. मग त्यांनी एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ संगणकावर खऱ्या लांबीचे संदेश फिरवून पाहिले. सरासरी विलंब जवळजवळ तेवढाच आला! कारण नाक्यावर अनेक वाटांचे संदेश येऊन मिसळतात आणि जुनी गुंतागुंत बरीचशी पुसली जाते. खोटं कुठे चालेल, हे ओळखायलाही दृष्टी लागते.

संदेशाची पॅकेटं, म्हणजे छोटे तुकडे, करून पाठवायची कल्पना कुणाची, यावर पुढे बराच वाद झाला. अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ती स्वतंत्रपणे मांडली होती. क्लाइनरॉक श्रेयावर हक्क सांगू लागले, तेव्हा डेव्हिसनी त्याविरुद्ध लेख लिहिला; तो त्यांच्या निधनानंतर, २००१ साली छापून आला. माझं मत विचाराल, तर बांधकाम बॅरन-डेव्हिसांचं. त्यात थांबावं किती लागेल याचं गणित क्लाइनरॉकचं. तेवढं श्रेय काही थोडं नाही.

२९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातली, यूसीएलएमधली क्लाइनरॉकची प्रयोगशाळा. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश जायचा होता. रात्रीचे साडेदहा. चार्ली क्लाइन हा विद्यार्थी साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवू लागला. ‘एल’ पोचला. ‘ओ’ पोचला. ‘जी’ला तिकडचा संगणक कोसळला. अक्षरं साठवायची तिथली जागा मंद टर्मिनलच्या, म्हणजे हाताने टाइप करायच्या यंत्राच्या बेताने ठेवलेली. जाळ्याचा वेग तिला झेपला नाही. रांगेच्या अभ्यासकाचा पहिला संदेश अडला, तो थांबायची जागा अपुरी पडल्यामुळे! तासाभरात दुरुस्ती झाली आणि संपर्क जुळला.

त्यानंतर या मंडळींचं कामच जाळं मोजणं आणि मुद्दाम मोडून पाहणं हे होतं. लांब संदेशाचे तुकडे मुक्कामी जुळवले जात. हे जाळं बांधणाऱ्या कंपनीतल्या रॉबर्ट कान यांना शंका होती, की अनेक संदेशांचे अर्धेमुर्धे तुकडे येऊन तिथली साठवणीची जागा भरली, तर? उरलेले तुकडे दाराशी उभे. ते आत आल्याशिवाय संदेश पुरा होत नाही, आणि संदेश पुरा झाल्याशिवाय आत जागा होत नाही. सहकाऱ्यांना हे पटेना. १९७० च्या सुरुवातीला कान लॉस एंजेलिसला आले आणि तिथे व्हिंट सर्फ वगैरे विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी जाळं खरोखरच बंद पाडून दाखवलं. तेव्हा कुठे, लांब संदेश निघण्याआधी मुक्कामी जागा राखून ठेवायची पद्धत आली.

पुढे क्लाइनरॉक पुन्हा रेडिओकडे वळले. हवाईतल्या ‘अलोहा’ या रेडिओने संगणक जोडणाऱ्या जाळ्यात सगळी केंद्रं एकाच लहरीवर मनात येईल तेव्हा बोलत. टकरींमुळे लहरीचा फार तर १८ टक्के उपयोग होई. क्लाइनरॉक आणि त्यांचे विद्यार्थी फुआद टोबागी यांनी १९७५ साली गणिताने दाखवलं, की बोलण्याआधी क्षणभर कान दिला, तर अनुकूल परिस्थितीत हा आकडा ८० च्या पुढे जातो. अडचण एकच. मधल्या केंद्राला दोघेही ऐकू येतात, पण दोघांना एकमेकांचा आवाज येत नाही, असं असेल तर कान देऊन उपयोग काय? टोबागी-क्लाइनरॉकनी यावर वेगळा निबंधच लिहिला. या खोलीत बसून मला ही अडचण चांगली समजते. तुम्ही आत्ता मध्येच काही बोललात, तरी मला कुठे ऐकू येणार?

आणि माझ्यामागे पुढचा कार्यक्रम रांगेत उभा आहे. नमस्कार.