तळाचा साका

[दृश्य : काचेचा फर्मेंटर, म्हणजे बीअर आंबवायचं भांडं, मागे दिवा. द्रवात पांढुरके कण हळूहळू फिरताहेत.]

घरी पहिल्यांदा बीअर करणाऱ्याच्या पोटात हे बघून गोळा येतो. दोन आठवडे जपलं, आणि आता हे काय तरंगतंय? नासली का बीअर?

ओतून देऊ नका. आधी नीट बघा.

हे मळकट पांढरे पुंजके यीस्टचे. यीस्टची एक पेशी जेमतेम ५ ते १० मायक्रॉनची. सुटी असते तोवर ती डोळ्यांना दिसत नाही, फक्त बीअर गढूळ दिसते. साखर संपत आली की पेशी एकमेकींना चिकटतात आणि पुंजके होऊन खाली बसू लागतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो : कण दुप्पट जाड झाला की बुडण्याचा वेग चौपट होतो. सुटी पेशी दिवसेंदिवस तरंगते, पुंजका लवकर तळ गाठतो.

हिरवट चुरा हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा. चिंध्यांसारखे तुकडे माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, प्रथिनांचे. यातलं काहीच घातक नाही.

[दृश्य : द्रवाचा पृष्ठभाग, अगदी जवळून.]

जपायचं ते इथे. वर सुरकुतलेला पांढरा पापुद्रा धरला असेल, तर जंगली यीस्ट किंवा जिवाणू शिरलेत. लव असलेली हिरवी-काळी बुरशी दिसली, तर चव न घेता सगळं टाकून द्या. जीव तुटतो, पण टाकाच.

बाकी सगळ्याला औषध एकच : थंडी आणि धीर. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, की किण्वन, म्हणजे आंबणं, संपलं. मग फर्मेंटर ० ते ४ अंशांवर एक-दोन दिवस ठेवा. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या बुचातून) हवा, कधी पाणीही, आत ओढलं जातं. त्या हवेतला ऑक्सिजन चव बिघडवतो, म्हणून ती वाट आधी बंद करा.

तरीही निवळली नाही, तर जिलेटिन. त्यावर धन प्रभार असतो, यीस्टवर ऋण. दोघं एकमेकांना धरून खाली जातात. जिलेटिन प्राणिजन्य आहे. ते नको असेल, तर आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळण्याच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांत घालतात. त्याने प्रथिनं गोळा होतात, यीस्ट नाही.

गार असताना धूसर आणि कोमट होताच स्वच्छ, असं दिसलं तर तो प्रथिनं आणि पॉलिफेनॉल (हॉप्स-माल्टमधली तुरट द्रव्यं) यांचा खेळ. चवीला धक्का नाही. माझ्या मते त्यापायी जिवाला घोर लावून घेऊ नये.

[दृश्य : सायफनची नळी. तिचं तोंड साक्याच्या दोन बोटं वर.]

नळी कधीच तळाला टेकवू नका. लोभाने ओढलेला शेवटचा पेलाभर सगळं गढूळ करतो. बाटलीत वायू धरवला असेल, तर तिथेही पातळ थर बसतोच. बाटली उभी गार करा, पेला तिरपा धरा, एका धारेत ओता. साका मानेकडे सरकला की हात थांबवा. अपवाद हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बीअरचा, तिथे यीस्ट मुद्दाम पेल्यात घेतात.

[दृश्य : रिकामा फर्मेंटर. तळाशी मलईसारखा थर.]

यातलं यीस्ट अजून जिवंत आहे. निर्जंतुक बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. पुढची बीअर त्यावरच लावायची.