डायल प्लॅन युजरला लावताना: पॉवरशेलमधली एक ओळ आणि तिच्या आधी-नंतरचं काम

मंडळी, आज आपण मायक्रोसॉफ्ट टीम्समधल्या डायल प्लॅनबद्दल बोलतोय. कोणी फोनवर ४१०७ दाबलं, तर त्या चार अंकांचा पूर्ण नंबर कसा करायचा हे डायल प्लॅन सांगतो. पूर्ण नंबर म्हणजे अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि पुढचे अंक. हा ई.१६४ साचा, म्हणजे फोन नंबर लिहायची आंतरराष्ट्रीय पद्धत, जास्तीत जास्त १५ अंकी. डायल प्लॅनचं काम इथेच संपतं. कॉल जाऊ द्यायचा की नाही आणि कोणत्या वाटेने, हे व्हॉइस राउटिंग पॉलिसी ठरवते. हा फरक डोक्यात पक्का नसला की माणूस परदेशी कॉल बंद करायला डायल प्लॅनमध्ये खटपट करतो आणि कॉल चालूच राहतात.

आता एखाद्या युजरला नेमके कोणते नियम लागू होतात ते बघू. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. प्रत्येकाला त्याच्या युसेज लोकेशनवरून, म्हणजे खात्यात नोंदवलेल्या देशावरून, देशाचा प्लॅन आपोआप मिळतो. त्यात आपल्याला हात घालता येत नाही. त्याच्या पुढे संस्थेचा ग्लोबल प्लॅन लागतो. पण युजरला स्वतंत्र प्लॅन लावला की ग्लोबल पूर्ण बाजूला होतो, देशाचे नियम मात्र मागे उभे राहतात. म्हणजे ग्लोबलमधले पाच नियम नव्या प्लॅनमध्ये आपणहून येत नाहीत. हवे असतील तर पुन्हा घालावे लागतात. ‘प्लॅन लावला आणि पूर्वी लागणारे नंबर लागेनासे झाले’ ही तक्रार आली की आधी हेच तपासा.

एका प्लॅनमध्ये ५० नियम बसतात. कामं सगळी पॉवरशेलमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कमांड लिहून काम करायच्या साधनात. नियम तयार करायची कमांड न्यू-सीएसव्हॉइसनॉर्मलायझेशनरूल. तिला इनमेमरी हा पर्याय द्या, नियम एका व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या तात्पुरत्या जागेत) ठेवा आणि मग न्यू-सीएसटेनंटडायलप्लॅन किंवा सेट-सीएसटेनंटडायलप्लॅनने तो प्लॅनमध्ये घाला. नियमाचे दोन भाग: कोणते अंक जुळवायचे तो साचा आणि त्यांचं काय करायचं ते रूपांतर. चार अंकी एक्स्टेंशनसाठी, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या अंतर्गत नंबरसाठी, साचा असा: सुरुवातीला टोपीचं चिन्ह (नंबर इथे सुरू), मग कंसात चार अंक, शेवटी डॉलर (नंबर इथे संपला). रूपांतरात आपल्या मुख्य नंबरचा पुढचा भाग आणि त्याला चिकटून ‘डॉलर एक’, म्हणजे कंसात पकडलेले अंक.

इथे एक बारीक गोष्ट नीट बघा. रूपांतर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलंत, तर पॉवरशेल ‘डॉलर एक’ला व्हेरिएबल समजतं. तसं व्हेरिएबल नसतंच, म्हणून त्या जागी काहीच उरत नाही. पॉवरशेल तक्रारही करत नाही. नियम तयार झालेला दिसतो आणि प्रत्येक एक्स्टेंशन त्याच एका अर्धवट नंबरवर जाऊन आदळतं. म्हणून साचा आणि रूपांतर दोन्ही नेहमी एकेरी अवतरणांत. आणि टोपी किंवा शेवटचा डॉलर विसरलात, तर दहा अंकी नंबरमधले चार अंकही त्या साच्याला जुळतात.

नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की पुढचे पाहिले जात नाहीत. त्यामुळे नेमके नियम वर, ढोबळ नियम खाली. तीन अंकी एक्स्टेंशन असतील तर जास्तच सांभाळा: ११२, ९११ हेही तीन अंकीच आहेत. साच्यात पहिला अंक ४ ते ७ असा बांधून टाका आणि आणीबाणीचे नंबर स्वतः चाचणीत घालून बघा. ही चाचणी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता लावणं. कनेक्ट-मायक्रोसॉफ्टटीम्सने आत या. मग ग्रँट-सीएसटेनंटडायलप्लॅन, आयडेंटिटीमध्ये युजरचा साइन-इन पत्ता, पॉलिसीनेममध्ये प्लॅनचं नाव. प्लॅनच्या यादीत नावाआधी ‘टॅग’ आणि अपूर्णविराम दिसतो, तो इथे लिहायचा नाही. कमांड यशस्वी झाली तरी पडद्यावर काहीच येत नाही, पासथ्रू हा पर्याय दिलात तरच काहीतरी परत मिळतं. लावलेला प्लॅन काढायचा असेल तर पॉलिसीनेममध्ये डॉलर-नल (म्हणजे ‘काहीच नाही’) द्या, की युजर पुन्हा ग्लोबलवर येतो.

माणसं बरीच असली तर सीएसव्ही फाइलमधली यादी वाचून एकेकाला लावता येतं. शेकड्यांच्या पुढे मात्र न्यू-सीएसबॅचपॉलिसीअसाइनमेंटऑपरेशन बरं. एका बॅचमध्ये ५,००० युजर चालतात आणि मिळालेल्या ऑपरेशन आयडीवरून नंतर कोणाचं अडलं ते कळतं. ग्रुपलाही प्लॅन लावता येतो, पण युजरला थेट लावलेला प्लॅन ग्रुपच्या प्लॅनवर मात करतो. ‘ग्रुपला लावलं, पण या एकालाच का लागत नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तपासायला टेस्ट-सीएसइफेक्टिव्हटेनंटडायलप्लॅन. तिला युजर आणि दाबलेला नंबर द्या. बदललेला नंबर आणि जुळलेला नियम, दोन्ही समोर येतात. एक्स्टेंशन, स्थानिक नंबर, परदेशी नंबर आणि आणीबाणीचा नंबर, चारही घालून पाहा. चाचणी बरोबर आली आणि युजरच्या फोनवर जुनंच चाललं असेल, तर लगेच नियम बदलायला जाऊ नका. बदल पोचायला वेळ लागतो. थोडं थांबा, युजरला साइन-आउट करून परत साइन-इन करायला सांगा आणि तोच नंबर पुन्हा लावून घ्या.