ओटीपोटातली सूज आणि गाडीपाशी थांबलेले नवरे

नमस्कार. संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापायला घेतला होता, 'ओटीपोटातील सूज : कारणे, लक्षणे व उपचार', आणि खाली कंसात 'फक्त महिलांसाठी'. तो कंस मी खोडायला लावला. म्हणून आज पुरुषमंडळीही दिसताहेत. मागच्या दोन रांगांत, अगदी दाराजवळ. विषय तापला की सटकता यावं म्हणून तिथे बसला असाल तर सांगून ठेवते, दाराशी आमच्या सिस्टर उभ्या आहेत. (हशा)

कारणं, लक्षणं, उपचार हे सगळं सांगणार आहे. आधी एवढं लक्षात घ्या, की गर्भाची पिशवी, तिच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोष यांना जंतूंमुळे येणारी ही सूज आहे. जंतू खालून, पिशवीच्या तोंडातून वर चढतात. आम्ही डॉक्टर तिला पीआयडी म्हणतो. आता उपचारांकडे वळण्याआधी माझं एक गाऱ्हाणं ऐका. इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर तेवढा हक्क आहे मला.

ओपीडीत माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. एकीवर पेशंट बसते. दुसरीवर सासू बसते, आई बसते, नणंद बसते, शेजारीण बसते. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवीसुद्धा बसते. नवरा बसत नाही. कुठे आहेत ते? 'बाहेर गाडीपाशी थांबलेत.' आमच्या दवाखान्यासमोर गाड्या चोरीला जातात असा तालुकाभर समज असावा. हाच माणूस बायको गरोदर असताना आत येतो बरं का. बाळाचे ठोके ऐकतो, डोळे पुसतो, मी पाहिलंय. पण ओटीपोट दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय म्हटलं, की ती बाईमाणसाची भानगड.

एका बाईंचं सांगते, ओळख पुसून. ओटीपोट दुखतं, कणकण येते, संबंधाच्या वेळी कळ येते. तपासताना पिशवीच्या तोंडाला बोट लागलं की टेबलावरून उठायच्याच. चौदा दिवसांचा कोर्स दिला, इमानेइतबारे घेतला, बऱ्या झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा कोर्स, पुन्हा बऱ्या, पुन्हा हजर. दर वेळी मी म्हणायची, यजमानांना घेऊन या. दर वेळी निरोप यायचा, 'तिला काय द्यायचं ते द्या, पैशाचं बघू नका.' शेवटी सिस्टर चहाच्या टपरीवर जाऊन गृहस्थांना घेऊन आल्या. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, 'मला कुठं काय होतंय?'

खरं होतं ते. क्लॅमिडिया नावाचा जंतू पुरुषाच्या अंगात कित्येकदा काहीही त्रास न देता राहतो. जळजळ नाही, स्राव नाही. बायकोला औषध देऊन तिच्या अंगातला जंतू काढला, तरी नवऱ्याकडून तो तिला परत मिळतो. हे सगळं मी समजावलं, चित्र काढून दाखवलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'डॉक्टर, माझ्या वाटच्या गोळ्या पण हिलाच दिल्या तर? हिला सवय आहे.'

हसू नका, त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. मी पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्यांच्या वाटच्या गोळ्या त्यांनाच घ्यायला लावल्या, माझ्यासमोर. त्या बाई त्या दुखण्यासाठी पुन्हा आल्या नाहीत. नंतर एकदा आल्या त्या सासूच्या मोतीबिंदूसाठी कोण डॉक्टर चांगले ते विचारायला.

आता समोरच्या बायकांच्या डोळ्यांत मला वेगळंच काही दिसतंय. घरी जाऊन पंचनामा मांडू नका. जंतू कोणाकडून आला, कधी आला, हे तपासणीत कळत नाही. तो महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो. सगळी सूज काही संबंधातून येत नाही. योनीत एरवी राहणारे जंतू बळावून वर चढतात. बाळंतपणानंतर, अर्धवट झालेल्या गर्भपातानंतर, क्युरेटिंगनंतर, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ केल्यावरही ती येते. माझी तक्रार नवऱ्यांच्या चारित्र्याबद्दल नाही, त्यांच्या गैरहजेरीबद्दल आहे.

ही तक्रार माझ्याही आधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये एमिल नोगेरात नावाचे जर्मन डॉक्टर होते. १८७२ मध्ये त्यांनी लिहिलं, की लग्नाआधी परमा, म्हणजे गनोरिया हा संबंधातून लागणारा रोग, होऊन गेलेला, स्वतःला बरा समजणारा नवरा बायकोला तो देतो. ती वर्षानुवर्षं पोटदुखीनं कुढते आणि तिला मूल होत नाही. आकडे त्यांनी भलतेच फुगवून सांगितले, हे खरं. पण बाकीचे डॉक्टर बिथरले ते काही नुसत्या आकड्यांमुळे नाही. सभ्य घरातल्या पुरुषांबद्दल असं बोलायचं? त्यांची टिंगल झाली. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांना सूक्ष्मदर्शकाखाली परम्याचा जंतू सापडला आणि मग हळूहळू टिंगल थांबली. म्हणजे बघा, आधी जंतूला साक्षीला यावं लागलं. बायका तर कधीच्या सांगत होत्या.

आपल्याकडे बायका सांगतही नाहीत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावर काढायचं, म्हणजे किती काढायचं!

आणि अंगावर काढून काढून एकदम टोक गाठतात, 'पिशवी काढून टाका.' बीडच्या ऊसतोड बायकांचं तुम्ही वाचलंय. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या सगळ्यांना ही सूज होती असं मी म्हणत नाही. पण पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, फडात पाणी नाही, संडास नाही, सुट्टी घेतली की खाडा कापतात, अशा बाईला 'पुढे कॅन्सर होईल' म्हणून घाबरवायला काय लागतं? चौदा दिवसांच्या गोळ्यांचं काम शस्त्रक्रियेवर नेलेलं मी स्वतः पाहिलंय. सूज नळ्यांना, आणि काढली पिशवी.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं, मग पत्रिकेवर जे छापलंय ते आता पळत पळत.

लक्षणं : ओटीपोटात दोन्ही बाजूंना दुखणं, वास येणारा किंवा पिवळसर स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, कधी ताप. कधी यातलं काहीच नाही, आणि मूल होत नाही म्हणून तपासलं तर नळ्या बंद. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सूज नाही, असं नाही. स्वीडनमध्ये १९६९ मध्ये या सुजेची शंका असलेल्या ८१४ बायकांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तर नुसत्या तपासणीवरचं निदान ६५ टक्के जणींतच बरोबर निघालं. तरीही दाट शंका असली तर आम्ही थांबत नाही, औषध सुरू करतो. कारण नळीची आतली वाट काही ठिकाणी शेवईएवढी. एकदा चिकटली की गोळ्यांनी उघडत नाही. त्याच स्वीडनमधल्या दुसऱ्या पाहणीत एकदा सूज आलेल्या ८ टक्के, दोनदा आलेल्या सुमारे २० टक्के, तीन किंवा जास्त वेळा आलेल्या ४० टक्के बायकांना नळ्या बिघडल्यामुळे मूल झालं नाही. नळी अर्धवट चिकटली तर गर्भ तिथेच अडकतो, ते जिवावरचं. म्हणून पोटदुखीत पाळी चुकली असो वा नसो, आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी.

उपचार : एक इंजेक्शन, आणि डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल चौदा दिवस. चौथ्या दिवशी दुखणं थांबतं, म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या डब्यात जातात. तसं करू नका. तीन दिवसांत फरक नाही पडला तर परत या. खूप ताप किंवा उलट्या असतील, दिवस गेलेले असतील किंवा पोटात पू झालेला असेल तर भरती व्हा. नवऱ्याला त्रास असो नसो, औषध त्यालाही, आणि दोघांचं पूर्ण होईपर्यंत संबंध नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे उपचार मोफत मिळतात. 'तांबीनं सूज येते' म्हणतात, पण तो धोका ती बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांपुरता थोडा वाढतो, तोही आधीच जंतू असेल तर. बसवण्याआधी तपासून घ्या. आणि कोर्स करूनही जात नसेल, मूल होत नसेल, तर नळ्यांच्या टीबीची तपासणी विसरू नका, तो आपल्याकडे पुष्कळ आहे आणि चौदा दिवसांत जात नाही.

संयोजक उभे राहिले. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालू नका. मागच्या दोन रांगांना कागद पोचले का, सिस्टर?