बोअरच्या पाण्यावर ढकललेली दाढ

श्रोतेहो, नमस्कार. आम्हा दातांच्या डॉक्टरांची एक चूक आज सांगणार आहे. ती मीही केली आहे.

काही वर्षांपूर्वी किनवटकडून एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, लेकरू गार पाणी पीत नाही. जेवतंय तेही एकाच अंगानं." उजवीकडची मागची दाढ पिवळट-तपकिरी, कोपरा झडलेला. मी विचारलं, "बोअरचं पाणी ना?" आणि फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडनं दातांवर पडणारे डाग, असं सांगून मोकळा झालो. आजींचं निदान तर त्याहून सोपं: "दुधाचीच हाय, पडून जाईल."

दोघंही चुकलो. डावीकडची तीच दाढ स्वच्छ पांढरी होती. पाणी काय एकाच अंगानं पोटात जातं?

आपल्याकडे नांदेड, बीड, लातूरच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे डागाळलेला दात दिसला की आमचं बोट थेट पाण्याकडे जातं. पण फ्लोरोसिसचे डाग दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं येतात, पांढुरक्या रेषा किंवा ढगांसारखे, कडा पुसट. त्या लेकराच्या दाढेत दुसराच दोष होता. त्यात डागाची कड ठळक असते, जणू कुणी आखून दिलेली. एक दाढ पार खराब, जोडीची चांगली, असंही होतं. पुढच्या दातांवरही कधी एखादा डाग असतो. याला मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, म्हणजे दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या कवचात खनिज कमी भरणं. हे नाव रूढ झालं २००१ पासून, म्हणजे आमच्यातल्या कित्येकांनी शिकताना ते ऐकलेलंच नाही. नॉर्वे, मलेशिया, इराक इथल्या दंतवैद्यांच्या पाहण्यांतही उपचार कोणता करावा याबद्दल गोंधळ दिसला. तेव्हा हा काही फक्त मराठवाड्यातल्या डॉक्टरांचा दोष नाही. आमच्याकडे पाण्याची सबब आयती आहे, इतकंच.

या पहिल्या पक्क्या दाढेचं कवच घडू लागतं जन्माच्या सुमारास आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. त्या काळात खनिज नीट भरलं नाही, की कवच खडूसारखं सच्छिद्र राहतं. त्याचं एकच एक कारण नाही. लहानपणीची आजारपणं आणि आनुवंशिकता यांचा हात असावा असं मानतात. आईच्या खाण्यापिण्यावर खापर फोडू नका. असं कवच चावताना झडतं. गार पाण्याची कळ थेट मस्तकात जाते, म्हणून लेकरू त्या बाजूला ब्रश लावू देत नाही, आणि मग खरीच कीड लागते. आम्ही भरायला घेतो, तर भूल नीट चढत नाही. भरलेलं सिमेंट निघून येतं. मूल ओरडतं, आम्ही त्याला हट्टी ठरवतो. त्याला खरंच दुखत असतं, हे कळायला मलाही वेळ लागला.

लवकर सापडली तर फ्लोराइडचं वार्निश, तात्पुरतं सिमेंट, नाहीतर स्टीलची कॅप घालून दाढ राखता येते. फारच खराब असेल, तर योग्य वयात काढून मागच्या दाढेला पुढे सरकू देणं हाही मार्ग आहे. त्याची वेळ मात्र बालदंततज्ज्ञालाच ठरवू द्या.

आता आजींच्या चुकीबद्दल. सहाव्या वर्षी येणारी ही पक्की दाढ कुठलाही दुधाचा दात पडल्याशिवाय, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. म्हणून ती दुधाचीच वाटते. सहावं लागलं की लेकराला दारात उजेडाला उभं करा, आ करायला लावा आणि शेवटची दाढ दोन्ही अंगांनी, वर-खाली बघा. डाग दिसला आणि डॉक्टर म्हणाले "पाण्यामुळं", तर खुशाल विचारा, "मग दुसऱ्या अंगाची का चांगली आहे?"

नमस्कार.