ज्युनियर आइस डान्स: निकाल, रडारड आणि कांदेपोहे

मागच्या रविवारी आमच्या वाचनालयात बोलले ते कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, तेच उतरवून काढलंय. मधलं "माईक जवळ घ्या" आणि चहावाल्याची एंट्री उडवली आहे, बाकी बोलले तसंच आहे.

नमस्कार मंडळी. विषय ग्रुपवर टाकल्यावर तीन जणांनी मला फोन करून विचारलं, ते बर्फावर उड्या मारून हवेत गिरक्या घेतात तेच ना? तर नाही हो. उड्या मारणारे वेगळे, मुलीला वर फेकून झेलणारे वेगळे, आणि आइस डान्सवाले वेगळे. यांच्याकडे दुहेरी-तिहेरी उड्या नाहीत, फेकाफेक नाही. एक मुलगा, एक मुलगी, एकमेकांना धरून नाचायचं, पायातलं ब्लेड कुठल्या कडेवर आहे ते सांभाळायचं आणि ताल चुकवायचा नाही. लिफ्ट असते, पण साधी लिफ्ट सात सेकंदात खाली, जास्त लांबली की मार्क कापले.

ज्युनियर म्हंजे एक जुलैच्या आत वयाची 13 पूर्ण झालेली पोरं, वरची मर्यादा मुलग्यांना जरा जास्त. दोन वेळा नाचायचं, आधी रिदम डान्स 2 मिनिटं 50 सेकंदांचा, मग फ्री डान्स साडेतीन मिनिटांचा, दोन्हीची बेरीज म्हंजे निकाल. ऑगस्टपासून ज्युनियर ग्रांप्री चालू होते, त्यातल्या वरच्या सहा जोड्या फायनलला, आणि मार्चच्या आसपास ज्युनियर वर्ल्ड, म्हंजे ज्युनियरची जागतिक स्पर्धा. झाला नियमांचा तास. खरं तर मला बोलायचंय ते निकाल लागल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

पुरुषोत्तम करंडकचा निकाल लागताना भरत नाट्य मंदिरात कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. "अरे आव्वाज कुणाचा" करत घसे बसलेले असतात, निकाल वाचला जातो, एक कोपरा नाचतो आणि बाकीचे तीन कोपरे परीक्षकांना नाटक कळत नाही यावर एकमत करतात. आइस डान्सचे फॅन अगदी तस्सेच, फक्त जगभर पसरलेले. ज्युनियर ग्रांप्री यूट्यूबवर फुकट दिसते, बरीच वर्षं टेड बार्टन नावाचे गृहस्थ कॉमेंट्री करायचे, गोड माणूस, पोरगं आपटलं तरी त्यात काहीतरी चांगलं शोधायचे. आणि बाजूला चॅट धावत असते, झेंडे, बदाम, आणि मार्क पडले रे पडले की कुणी म्हणतं लुटलं आमच्या पोरांना, कुणी म्हणतं फुगवले मार्क, कोचचं नाव मोठं आहे म्हणून मिळाले. मी पण लिहिलंय असं, खोटं कशाला बोलू, रात्री दीड वाजता टाइप केलेलं सकाळी वाचून मलाच लाज वाटली होती.

मग एका मैत्रिणीनं मला निकालपत्रक वाचायला शिकवलं. प्रोटोकॉल म्हणतात त्याला. स्पर्धा संपली की पीडीएफ येते, प्रत्येक जोडीचा प्रत्येक घटक, त्याची लेव्हल, म्हंजे किती अवघड करून दाखवलं त्याची पायरी, समोर प्रत्येक जजचे आकडे. जज जास्तीत जास्त नऊ, प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून बाकीच्यांची सरासरी. पण लेव्हल जज देतच नाहीत! ती देतं टेक्निकल पॅनल, तीन माणसं, व्हिडिओ मागे-पुढे करून बघणारी. आणि चॅटमध्ये बहुतेक वेळा शिव्या पडतात जजना, गफलत झालेली असते लेव्हलमध्ये.

एक उदाहरण सांगते, जोडीचं नाव नाही घेत, लहान आहेत ती मुलं. ट्विझल नावाचा प्रकार असतो. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकत जायचं, दोघांनी शेजारी शेजारी, एकाच वेगानं. फुगडीसारखं जागच्या जागी नाही, सरकलंच पाहिजे, आणि गिरकी मधे अडखळता कामा नये. तर या दोघांनी केलं, टाळ्या पडल्या, मी पण इथे सोफ्यावर टाळ्या वाजवल्या, मार्क आले तर फ्री डान्समध्ये पाचवे. चॅट पेटली. दुसऱ्या दिवशी पत्रक उघडलं तर ट्विझलला मुलीपुढे चार, मुलापुढे दोन. लेव्हल दोघांची वेगवेगळी मोजतात ना. मग व्हिडिओ पाव स्पीडवर लावला. दुसऱ्या गिरक्यांच्या शेवटी मुलाचं ब्लेड एक क्षण थांबतं, खांदा उघडतो, आणि उरलेलं वळण तो ओढून पूर्ण करतो. ढोल-ताशाच्या पथकात एकाचा टोल अर्ध्या मात्रेनं मागे पडला तर लांबून कळत नाही, पण पथकातल्या माणसाला लगेच कळतं, तसं. मी ते आठ वेळा बघितलं. आठव्यांदा माझा राग पार गेला आणि त्या मुलाबद्दल वाईट वाटायला लागलं, कारण किस अँड क्रायमध्ये, म्हंजे मार्कांची वाट बघत बसतात त्या बाकावर, बसून तो हसत होता आणि मुलगी समोर स्क्रीनकडे बघत होती.

ज्युनियरच्या रिदम डान्समध्ये तर आणखी बारीक काम. ठरवून दिलेला पॅटर्न असायचा, म्हंजे सगळ्यांना तीच पावलं. 2018-19 च्या सीझनला अर्जेंटाइन टँगो होता, जो 1934 साली लंडनमध्ये बसवला गेलाय, आजोबांच्या काळातला! त्यात ठरावीक ठिकाणी पाऊल बरोबर कडेवर पडलं का ते बघतात, त्याला "की पॉइंट" म्हणतात, आणि पत्रकात हो, नाही किंवा ताल चुकला अशा खुणा. तीन "नाही" आले की पोडियम गेलं समजा. प्रेक्षकाला यातलं काही म्हंजे काही दिसत नाही, त्याला दिसतो ड्रेस आणि चेहरा. आता पॅनल नेहमी बरोबरच असतं असं मी म्हणणार नाही हं. 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये सिनियर गटात फिनस्टेप नावाचा पॅटर्न होता, आणि तो डान्स ज्या जोडीनं बनवला त्यातला पेट्री कोक्को स्वतः ट्विटरवर म्हणाला की त्याच्या मते कॅनडाची जोडी पुढे असायला हवी होती. ज्यानं पदार्थ शोधला तोच म्हणतोय मीठ चुकलंय, मग काय बोलणार.

पण भांडणाचं खरं मूळ दुसरंच आहे. फॅन लोक ज्युनियरचा निकाल पत्रिकेसारखा वाचतात. हा ग्रह इथे, म्हंजे आठ वर्षांनी ऑलिंपिक. म्हणून चौथा नंबर आला की जीव जातो, जणू पोरांचं भविष्यच कुणी खोडलं.

आता पत्रिका खरी ठरलेली पण आहे, ते पण सांगते. 2006 ची ज्युनियर वर्ल्ड, लुब्लियाना. पहिल्या पायरीवर कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर, तिसऱ्या पायरीवर अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट, मधे रशियन जोडी. पुढे 2010 ला ऑलिंपिक सुवर्ण टेसा-स्कॉटला आणि रौप्य मेरिल-चार्लीला, 2014 ला बरोब्बर उलटं, 2018 ला परत टेसा-स्कॉट. आणि 2014 च्या ऑलिंपिकपर्यंत या दोन्ही जोड्या मिशिगनमध्ये कॅंटनला एकाच रिंकवर, त्याच कोचेसकडे सराव करत होत्या! म्हंजे सकाळी ज्याला गुड मॉर्निंग म्हणायचं त्यालाच हरवायचं. हा एक फोटो फॅन लोक दर ज्युनियर वर्ल्डला काढून नाचवतात, बघा, आजचं पोडियम म्हंजे उद्याचं पोडियम.

मग मी त्यांना 2013 चं मिलान दाखवते. सुवर्ण रशियाच्या स्टेपानोव्हा आणि बुकिनला, रौप्य फ्रान्सच्या पापाडाकिस आणि सिझरॉनला. बुकिनचे वडील 1988 चे ऑलिंपिक चँपियन, त्यामुळे घरात राजयोगच म्हणा. फ्रेंच जोडी पुढच्या वर्षी सिनियर वर्ल्डला तेरावी. तेरावी! आणि त्याच्या पुढच्या वर्षी, 2015 ला शांघायला, वर्ल्ड चँपियन. 2022 ला ऑलिंपिक सुवर्ण. तिकडे स्टेपानोव्हा-बुकिन, इतकी सुंदर लिफ्ट करणारी जोडी, 2018 च्या ऑलिंपिकला त्यांना बोलावणंच आलं नाही. त्या तेराव्या नंबरच्या दिवशी कुणी पैज लावली असती?

आणि पत्रिकेत नसलेलं सगळ्यात मोठं कलम म्हंजे जोडी टिकेल का. इथे आपले कांदेपोहे येतात. हसू नका, खरंच तस्संच असतं. ट्रायआउट म्हणतात त्याला. उंची जुळते का, वय किती, कुठल्या देशाकडून खेळणार, कुठल्या गावात राहणार, खर्च कुणाचे आईवडील किती उचलणार, आणि मग रिंकवर दोन दिवस एकमेकांचा हात धरून बघायचं, गुडघे सारखे वाकतात का. मुलगे कमी, मुली जास्त, त्यामुळे मुलग्यांचा भाव काय असतो ते इथल्या आत्यांना-मावश्यांना मी सांगायला नको.

2008 ची ज्युनियर चँपियन जोडी एमिली सॅम्युएलसन आणि इव्हान बेट्स. 2009 ची मॅडिसन चॉक आणि ग्रेग झुअरलाइन. 2010 ला सरावात लिफ्टमधून उतरताना एमिलीचं ब्लेड इव्हानच्या पायावर आलं आणि अकिलीस टेंडन कापला गेला. 2011 पर्यंत दोन्ही जोड्या मोडल्या आणि एकीतली मॅडिसन, दुसरीतला इव्हान एकत्र आले. 2023, 2024, 2025 सलग तीन वर्ल्ड टायटल, आणि 2024 ला लग्न पण केलं. एवढं यशस्वी स्थळ मी तरी पाहिलं नाही.

रशियात तर साटंलोटंच झालं. 2010 चे ज्युनियर चँपियन इलिनिख आणि कात्सालापोव्ह, 2012 चे सिनित्सिना आणि झिगान्शिन. 2014 ला सोचीत इलिनिख-कात्सालापोव्हला ब्राँझ मिळालं, आणि त्याच वर्षी अदलाबदल, कात्सालापोव्ह सिनित्सिनाकडे, इलिनिख झिगान्शिनबरोबर. फॅन लोकांनी सुतक पाळलं अक्षरशः, काही जण सिनित्सिनाला कैकेयी ठरवून मोकळे. पहिली दोन-तीन वर्षं म्हणायला वाव पण होता, काही जमत नव्हतं त्यांचं. मग 2021 ला तीच सिनित्सिना-कात्सालापोव्ह जोडी वर्ल्ड चँपियन.

ही भानगड नको म्हणून असेल किंवा नसेल, पण भाऊ-बहीण जोड्या खूप दिसतात इथे. पार्टनर घरातच. 2017 ला तैपेईत रेचल आणि मायकल पार्सन्स जिंकले, 2022 ला टॅलिनला ऊना आणि गेज ब्राउन, 2023 ला कॅलगरीत चेक प्रजासत्ताकाचे कतेरझिना आणि डॅनियल म्राझेक. तीनही भावंडं. यांच्यावर दर वेळी एकच टीका, की टँगो-रुंबाला यांच्यात ती आग दिसत नाही. अहो, बहीण-भाऊ आहेत, कशाला दिसेल आग! फिगर करतात, गोष्ट करतात, वेग दाखवतात, तेवढ्यावर मार्क द्या. पण घरातली जोडी पण मोडतेच. रेचल निवृत्त झाली आणि मायकलनं कॅरोलाइन ग्रीनबरोबर जोडी केली, जी तोवर स्वतःच्या भावाबरोबर नाचायची.

2022 चा विषय थोडक्यात सांगते, नाहीतर इथेच भांडणं होतील. 1 मार्च 2022 ला रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बाहेर काढलं. त्या वर्षीची ज्युनियर वर्ल्ड सोफियात मार्चला व्हायची होती ती एप्रिलमध्ये टॅलिनला झाली. 2021 ची तर कोविडमुळे झालीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक निकालाखाली कुणीतरी येऊन म्हणतं की रशियन असते तर हे जिंकले नसते. असते तर, नसते तर. 2022 च्या आधी 2019 ला झाग्रेबमध्ये रशियन होते ना, तेव्हा कॅनडाचे लाजोई आणि लागा त्यांना हरवूनच जिंकले, कॅनडाला टेसा-स्कॉटनंतर 13 वर्षांनी हे टायटल मिळालं. आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवे देश दिसायला लागले हे पण बघा की, 2023 ला रौप्य दक्षिण कोरियाच्या हाना लिम आणि ये क्वानला, 2025 ला डेब्रेसेनमध्ये सुवर्ण इटलीच्या ताली आणि लाफोर्नाराला.

शेवटच्या रांगेतून प्रश्न आलाय, आपल्याकडची मुलं कुठे आहेत. आपल्याकडे मुलं चाकांवर शिकतात हो, बर्फ आणायचा कुठून. रोलरमध्ये आर्टिस्टिक प्रकार आहे, त्यात कपल डान्स पण आहे, आणि माझी भाची सकाळी साडेपाचला त्याच्या क्लासला जाते. तिच्या मागच्या स्पर्धेला मी गेले होते. ती चौथी आली. तिच्या आईनं, म्हंजे माझ्या वहिनीनं, तिथेच जजच्या टेबलाकडे मोर्चा वळवला होता, मी दंडाला धरून मागे ओढली, म्हटलं आधी पत्रक बघू. पत्रक भिंतीवर चिकटवलेलं, शाई उडालेली, दोघी चष्मे वर-खाली करत उभ्या. भाची मागून आली, म्हणाली, "आत्या, बघू नको, माझा डावा पाय टेकला होता, मला माहितीये. भूक लागलीये."

तर ऑगस्टमध्ये ग्रांप्री चालू झाली की ग्रुपवर लिंक टाकते. ज्यांना बघायचंय त्यांनी बघा. बाजूची चॅट बंद करायचं बटण उजव्या कोपऱ्यात असतं.