उवा आणि नवव्या दिवसाचे गणित

(शाळेच्या पालकसभेत एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

पालक आणि शिक्षक मंडळी,

मुलाला ताप आहे, जुलाब होत आहेत, हे आई दवाखान्याच्या दारातूनच सांगत आत येते. पण मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत हे सांगायचे असले की ती आधी मागे वळून दार लागले आहे का ते पाहते आणि मग आवाज खाली आणते. हा संकोच मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. उवा न जाण्याच्या कारणांत त्याचा वाटा मोठा आहे असे माझे मत झाले आहे, कारण जी गोष्ट लपवायची असते ती आपण शेजारच्या काकूंना, वर्गशिक्षिकेला किंवा मुलीच्या मैत्रिणीच्या आईला सांगत नाही, आणि मग एका डोक्यावर उपचार चालू असताना त्याला डोके लावून बसणारी बाकीची चार डोकी तशीच राहतात. उवेला टाळूचे रक्त आणि टाळूची ऊब एवढेच हवे असते, आणि रोज न्हाऊन शाळेत येणाऱ्या मुलीकडे या दोन्ही गोष्टी असतात. तेव्हा अस्वच्छतेचा ठपका आधी बाजूला ठेवू.

आज मला मुख्यतः एकाच तक्रारीबद्दल बोलायचे आहे. ‘डॉक्टर, सगळे करून झाले, शाम्पू झाला, औषध झाले, तरी पंधरा दिवसांनी परत होतात.’ या वाक्यातल्या ‘परत’ या शब्दाला माझी हरकत आहे. बहुतेक घरांत त्या पहिल्या वेळी पुरत्या गेलेल्याच नसतात. आपण चालत्या उवा मारतो, लिखा तशाच राहतात आणि त्यांच्या ठरलेल्या दिवशी फुटतात. तो दिवस आपल्याला माहीत नसतो म्हणून आपण औषधाला नावे ठेवतो.

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर असते. तिला सहा पाय असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला केसाच्या जाडीवर नेमकी बसणारी आकडी असते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाणे एवढेच तिला जमते, म्हणून दोन डोकी एकमेकांना टेकली की तिचे काम होते. पूर्वी मुली एका पुस्तकावर वाकत, आता चौघीजणी एका मोबाइलवर वाकतात. मादी साधारण महिनाभर जगते आणि रोज सहा ते दहा अंडी घालते. टाळूपासून सहाएक मिलिमीटरच्या आत, केसाच्या एका बाजूला, ती हे अंडे अशा चिकट द्रवाने डकवते की ते न्हाण्याने सुटत नाही. अंडे सात ते दहा दिवसांत फुटते आणि बाहेर आलेले पिल्लू तीनदा कात टाकून आणखी नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालण्याजोगे होते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ मात्र एक-दोन दिवसांत उपाशी मरते.

जाता जाता एक गंमत सांगते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची जी मापे दिली आहेत त्यांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुळ असा हिशोब आहे. लिक्षा म्हणजे आपली लीख आणि यूका म्हणजे आपली ऊ. ज्या माणसांनी हे कोष्टक बांधले त्यांनी या दोन्ही वस्तू बऱ्याच जवळून पाहिल्या असणार!

आता आपल्या कामाचा हिशोब मांडू. रविवारी सकाळी तुम्ही औषध लावले आणि डोक्यातल्या सगळ्या चालत्या उवा मेल्या असे समजा. लिखांवर बहुतेक औषधांचा भरवसा धरता येत नाही. त्यांतली जी लीख सहा दिवसांपूर्वी घातलेली होती ती कदाचित सोमवारीच फुटेल, आणि जी त्याच सकाळी घातली गेली ती पुढच्या रविवारच्या आसपास किंवा त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फुटेल. म्हणजे नवव्या दिवशी, म्हणजे औषधाचा रविवार पहिला दिवस धरून, एक रविवार मध्ये जाऊ देऊन येणाऱ्या सोमवारी, जवळजवळ सगळी पिल्ले अंड्याबाहेर आलेली असतात आणि त्यांतले एकही अजून अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसते. दुसऱ्यांदा औषध लावायचा दिवस तो हा. दोन दिवसांनी लावले तर ते लिखांवरून नुसते वाहून जाते. तीन आठवड्यांनी लावले तर तोवर नवी अंडी पडलेली असतात आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. दवाखाना सुरू केला तेव्हा मी चिठ्ठीवर ‘दोनदा लावणे’ एवढेच लिहीत असे. एका आईने ते औषध इमानेइतबारे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लावले, मुलीच्या टाळूची आग झाली आणि तीन आठवड्यांनी उवा होत्या तितक्याच होत्या. चूक त्या बाईंची नव्हती. तेव्हापासून मी चिठ्ठीवर दोन्ही तारखा आणि वार लिहून देते.

औषध लावण्याच्या रीतीतही बरेच काही बिघडते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे मिळते ते एक टक्का पर्मेथ्रिन. शेवंतीच्या गोतातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या कीटकनाशकाच्या धर्तीवर बनवलेले हे रसायन दोन महिन्यांवरच्या बाळांनाही चालते. मात्र खरजेसाठी मिळणारे पाच टक्क्यांचे मलम वेगळे, ते डोक्याला चोपडू नये. केस साध्या शाम्पूने धुऊन पंचाने टिपून घ्यावेत, त्यांवर त्या दिवशी तेल किंवा कंडिशनर मुळीच नसावे, कारण त्या थरामुळे औषध केसाला नीट लागत नाही. चपचपीत तेलाच्या वेणीवर औषध ओतणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. मानेपासून कानांमागपर्यंत सगळी टाळू भिजेल इतके औषध लावून घड्याळात दहा मिनिटे मोजावीत, मुलीला मोरीत ओणवे करून फक्त डोके धुवावे आणि पुढचे एक-दोन दिवस पुन्हा न्हाऊ घालू नये.

एवढे करूनही उवा हटत नसतील तर औषधाची ताकद ओसरली असण्याची शक्यता आहे. जगात अनेक ठिकाणच्या उवांत मज्जातंतूंशी संबंधित असे जनुकीय बदल झाले आहेत की पर्मेथ्रिनच्या गटातली औषधे त्यांना लुळे करू शकत नाहीत. याची परीक्षा घरीच करता येते. औषधानंतर आठ-बारा तासांनी फणीत आलेल्या उवा मेलेल्या किंवा मंद झालेल्या असतील तर औषध लागू पडले आहे, उरलेल्या फणीने काढाव्यात. त्या पूर्वीसारख्याच लगबगीने चालत असतील आणि मेलेली एकही दिसत नसेल, तर तेच औषध दुप्पट लावण्यात अर्थ नाही. डॉक्टरांकडून दुसऱ्या प्रकारचे घ्यावे. डायमेथिकोन हे सिलिकॉनसारखे द्रव्य उवेच्या शरीराला वेढून तिचा शारीरिक व्यवहारच बंद पाडते, त्यामुळे त्या जनुकीय बदलाचा उवेला तिथे उपयोग होत नाही. आयव्हरमेक्टिन डोक्याला लावायचे मिळते आणि गोळीच्या रूपातही मिळते, पण पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला गोळी देत नाहीत, आणि ती दुकानातून आपल्या मनाने आणू नये. घरात गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइडची जुनी बाटली असेल तर ती टाकून द्या. त्या औषधाने मुलांना झटके येऊ शकतात.

घरगुती उपायांची यादी मी लांबवणार नाही, पण सीताफळाच्या बियांबद्दल बोलणे भाग आहे, कारण आपल्याकडे हंगामात घरोघर बिया वाळवून ठेवतात. त्यांची पूड उवांना मारते, हे खरे आहे; तीच पूड न्हाताना डोळ्यांत गेली तर बुबुळाचा वरचा पापुद्रा जळतो, आणि असे लाल, मिटलेले, पाणी गळणारे डोळे घेऊन येणारे रुग्ण नेत्रतज्ज्ञांना चांगले परिचयाचे आहेत. रॉकेल, झुरळांचा खडू आणि खोबरेलात विरघळवलेला कापूर या तिन्ही गोष्टी लहान मुलांच्या डोक्यापासून दूर ठेवा. कापूर पोटात गेला किंवा त्वचेतून जास्त शोषला गेला तर मुलांना आकडी येते.

आता फणीकडे येते, कारण माझा खरा विश्वास तिच्यावर आहे. इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात 2016 साली हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली. एका बाजूला गुंता सोडवायचे सहा जाड दात आणि दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात, म्हणजे आपल्या लाकडी दुतोंडी फणीचीच बहीण. तिच्यावर कोरलेली अक्षरे 2022 मध्ये वाचली गेली, तेव्हा ‘हा हस्तिदंत केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो’ अशा अर्थाचे वाक्य निघाले. सुमारे 3700 वर्षांपूर्वीचे हे वाक्य कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या, वर्णमालेत लिहिलेले आजवरचे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते, आणि त्या फणीच्या एका दाताला उवेच्या पिल्लाचा अवशेषही चिकटलेला होता.

फणी कशी फिरवावी हे मला पुस्तकांपेक्षा एका आजींनी चांगले दाखवले. तिसरीतल्या नातीला त्या गच्चीत उन्हाकडे पाठ करून बसवत, खांद्यांवर पांढरा पंचा टाकत, आणि ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून आधी रुंद कंगव्याने गुंता काढत. मग केसांचे बोटभर रुंदीचे पेड पाडून प्रत्येक पेडातून फणी अगदी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक ओढीला पंचावर पुसायची. पंचावर काळा ठिपका आला की त्या चष्मा सारून तो हलतो का ते पाहत. या कामाला अर्धा तास लागे आणि तेवढा वेळ नात पाढे म्हणे. ओल्या, बुळबुळीत केसांत उवेला झटकन पळता येत नाही, हे त्या रीतीचे इंगित आहे. फणीचे दात धातूचे आणि इतके जवळ असावेत की लीखही अडकेल. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी ही फणी फिरवावी आणि सतराव्या दिवशी पुन्हा तपासावे. औषध लावत असाल तर त्या दोन दिवशी कंडिशनर वगळून, औषध धुतल्यावर ओल्या केसांतूनच फणी घालावी. नवव्या दिवसानंतर फुटलेली एखादी चुकार लीख तेराव्या दिवशी सापडते ती अशी. केवळ फणीनेही उवा जातात, पण मग एकही दिवस चुकवून चालत नाही.

पहिला दिवस घरातल्या सगळ्यांचा एकच असला पाहिजे. आई, आजी, धाकटा भाऊ, कामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहावीत आणि ज्यांच्यात जिवंत ऊ दिसेल त्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत. पहिल्यांदाच उवा झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तेव्हा ‘मला खाज नाही’ या उत्तरावर कोणाला सोडू नये. गादी, सोफा, घर यांवर फवारणी मात्र नको. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशीच्या खोळी आणि पंचे गरम पाण्यात धुवावेत, फण्या दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवाव्यात, एवढे पुरे.

शिक्षकांना एक विनंती आहे. मुलीच्या केसांत लिखा दिसल्या म्हणून तिला घरी पाठवू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूपासून त्याहून दूर गेलेल्या लिखा बहुधा रिकाम्या टरफलांसारख्या असतात आणि त्यांपासून कोणाला काही होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2022 च्या अहवालात अशा मुलांना शाळेबाहेर ठेवू नये असेच म्हटले आहे. त्यापेक्षा वर्गातल्या सर्व पालकांना एकाच शनिवारी, कोणाचेही नाव न घेता, ‘उद्या मुलांची डोकी पाहा’ असा निरोप धाडा.

समोरून आलेल्या चिठ्ठ्यांतली एक वाचते. ‘सारखा त्रास होतो म्हणून मुलीचे केस पूर्ण काढून टाकू का?’ चकोट केल्यावर उवेला धरायला केसच उरत नाही, त्यामुळे उपाय लागू पडतो हे नाकारता येणार नाही. पण ज्या मुलीबद्दल हे विचारले आहे ती, मला वाटते, दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि दोन्ही हातांनी वेण्या धरून माझ्याकडे पाहते आहे. तिला आधी सतरा दिवस द्या. फणी मी दवाखान्यातून देईन.